कोल्हापूरचा "प्रश्नच येत नाही" म्हणणाऱ्या साहेबांना एका भट्टीवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, अणुऊर्जा विभाग, मुंबई
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि आमच्या जिल्ह्यातले सगळे खासदार, आमदार (कोण आज कुठल्या पक्षात आहे ते बघून पाठवायचं म्हटलं तर पत्र जायचंच नाही, म्हणून सगळ्यांनाच)

विषय: कोल्हापूरचा प्रश्न येतो, त्याबद्दल.

सा. न. वि. वि.

मध्यंतरी आमच्या इथं उद्योजकांची एक बैठक झाली. वीज, सोलर, पुढची पंचवीस वर्षं असा विषय होता. एक साहेब आलेले, कुठल्या खात्याचे ते सांगत नाही कारण माणूस चांगला होता आणि त्याची नोकरी मला घालवायची नाही. त्यांनी पडद्यावर दाखवलं की २०४७ पर्यंत देशात अणुऊर्जेची १ लाख मेगावॅट वीज होणार, २०३३ पर्यंत स्वदेशी बनावटीच्या निदान ५ छोट्या अणुभट्ट्या चालू होणार, त्याच्या संशोधनाला २०२५ च्या बजेटमध्ये २० हजार कोटी ठेवलेत, राजापूर तालुक्यातल्या जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा अणुप्रकल्प होणार. ऐकून बरं वाटलं. मग मी हात वर केला आणि विचारलं, साहेब, जैतापूर झालं आणि उद्या तिथं काय बिघडलं तर कोल्हापूरनं काय करायचं ठरलंय? साहेब म्हणाले, आणीबाणीच्या नियोजनाचा पट्टा सोळा किलोमीटरचा असतो, कोल्हापूर त्याच्या कितीतरी बाहेर, त्यामुळं कोल्हापूरचा प्रश्नच येत नाही. पुढचा प्रश्न?

पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही कारण वडे आले.

मी त्या दिवसापासून ते "प्रश्नच येत नाही" डोक्यात घेऊन फिरतोय. म्हणून हे पत्र, तुम्हाला लिहिलंय पण सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडं टाकतोय.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल आला एक आंदोलनवाला. मी शिरोलीत छोटी फाउंड्री चालवतो. वडिलांनी उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या पार्टपासून सुरुवात केली, तेव्हा कोळशाची क्युपोला भट्टी होती, आता इंडक्शन फर्नेस आहे म्हणजे सगळा खेळ विजेवर. एक टन लोखंड वितळवायला साधारण सहाशे युनिट लागतात, त्यामुळं महिन्याचं वीजबिल आलं की आधी ते भरायचं आणि मग उरलं तर बाकीचं. हे झालं एक. दुसरं म्हणजे माझं आजोळ राजापूर तालुक्यात. मामा अजून तिथंच आहे, त्याच्या कलमांचा आंबा दरवर्षी अणुस्कुरा घाटानं माझ्या घरी येतो. तर मला वीजही पाहिजे आणि मामाही पाहिजे. घरातच दोन पक्ष आहेत म्हणा ना, दिवाळीला दोघांत जुंपली की मी दोन्हीकडनं बोलतो आणि आई दोघांनाही गप्प बसवते.

आणि सरळच सांगतो, मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही. उलट आमच्या बैठकीत तिची बाजू घेणारा मी एकटाच असतो बहुतेक. सोलर चांगलंय, माझ्या शेडवर पण पॅनेल आहेत. पण सोलरनं काय झालंय बघा, पूर्वी रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त होती म्हणून आमच्यातले कितीतरी जण रात्रपाळीत भट्टी चालवायचे, पोरं तशी लागलेली, घरची घडी तशी बसलेली. आता दिवसा सोलरची वीज भरपूर असते म्हणून सवलत दिवसाला आली आणि संध्याकाळी पाचनंतर जादा आकार. त्यात चूक कुणाची नाही, सूर्य दिवसाच असतो. पण संध्याकाळी सात वाजता सगळ्या महाराष्ट्राचे दिवे, टीव्ही, एसी एकदम लागतात आणि सूर्य गेलेला असतो, तेव्हा कोण येतं उपयोगाला? कोयना येते, आणि चंद्रपूर-कोराडीचा कोळसा येतो. कोळशाची राख चंद्रपूरकर खातात आणि आम्ही इथं लोखंड ओततो, हे मला बरं वाटत नाही. सह्याद्रीत पंप स्टोरेजचे प्रस्ताव आलेत, म्हणजे दिवसा पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज करायची, आमच्या भुदरगडात पाटगावचंही नाव त्यात आहे. पण ते पाणी वर चढवायला पण वीजच लागते, ती कुठनंतरी यायलाच पाहिजे.

आता अणूचं बघा. चोवीस तास, पाऊस असो नसो, वारा असो नसो. आमच्यापासून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरवर उत्तर कन्नड जिल्ह्यात, कारवारजवळ कैगा अणुकेंद्र आहे, तिथली पहिली भट्टी २०१८ च्या डिसेंबरअखेर सलग ९६२ दिवस चालून थांबली, तेव्हा तो जगातला विक्रम होता. तोही कुणा परदेशी कंपनीच्या नव्हे, आपल्याच लोकांनी बांधलेल्या २२० मेगावॅटच्या भट्टीनं. तारापूरच्या पहिल्या दोन १९६९ ला सुरू झाल्या, देशात अणुवीज तिथनंच सुरू झाली, महाराष्ट्रातनं. एक ग्रॅम युरेनियम पूर्ण फुटलं तर जेवढी उष्णता मिळते तेवढ्यासाठी कोळसा जाळायचा म्हटलं तर तीन टनांच्या आसपास लागतो. धूर नाही, राखेचे डोंगर नाहीत. एवढं असून देशाच्या एकूण विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे. साठ वर्षांत तीन टक्के. हे का झालं याचं उत्तर मला तुमच्याकडनंच पाहिजे, पण माझी तक्रार त्याच्याही पुढची आहे.

तर तक्रारी. नंबर घालत नाही, जसं आठवेल तसं.

भट्टीपासनंच सुरू करतो कारण ते मला कळतं. तुमच्या साहेबांनी दाखवलेल्या चित्रात अणुभट्टीचं बटण दाबलं की ती बंद. बरोबर, अणू फुटायची साखळी थांबते. पण भट्टीवाल्याला विचारा, बटण बंद केलं म्हणजे भट्टी गार झाली काय? माझ्या फर्नेसमध्ये टनभर रस असतो चौदाशे-पंधराशे डिग्रीचा. लाईट गेली की हीटिंग बंद होतं, पण कॉइलमधलं गार पाणी बंद होऊन चालत नाही. ते थांबलं तर तांब्याची कॉइल भाजून फुटते, पाणी रसात जातं आणि मग शेडचे पत्रे शेजाऱ्याच्या शेडवर. म्हणून डिझेल जनरेटर असतो, आणि जनरेटरनं दगा दिला तर म्हणून वर उंचावर एक टाकी असते, तिच्यातनं पाणी आपोआप, नुसत्या उतारानं येतं. ही टाकी भरलेली आहे का हे माझा फर्नेसवाला रोज पाळी सुरू करायच्या आधी शिडी चढून बघतो. मोबाईलवर आकडा येतो तरी चढून बघतो.

अणुभट्टीत हाच प्रकार हजारपटीनं. बंद केल्या क्षणी पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता आत तयार होतच राहते, फुटलेल्या अणूंचे तुकडे तापत राहतात म्हणून, आणि ती बटणानं थांबत नाही. जैतापूरची एक भट्टी विजेत १,६५० मेगावॅटची म्हणजे उष्णतेत साडेचार हजार मेगावॅटच्या वर, त्याचे सहा-सात टक्के म्हणजे तीनशे मेगावॅट. बंद केल्यावर! तासाभरात ती बरीच उतरते, पण पाणी दिवसच्या दिवस, महिनेच्या महिने लागतं. फुकुशिमात ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा चालू भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या होत्या हो. नंतर त्सुनामीचं पाणी आलं, जनरेटर आणि विजेचे बोर्ड बहुतेक खालच्या मजल्यावर होते ते बुडाले, पंप थांबले, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आम्ही कोल्हापूरकरांनी तो व्हिडिओ बघितला तेव्हा हळहळलो. मग २०१९ ला पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पन्नाशी पार केली आणि शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा आमच्यातल्या किती जणांचे जनरेटर जमिनीलगत होते ते कळलं. माझा पण होता. आता पाच फूट ओट्यावर आहे.

मुद्दा असा की ही गोष्ट समजावता येते. भट्टीवर काम करणाऱ्या सातवी पास माणसाला पण मी दहा मिनिटांत समजावली. आपल्या काक्रापारच्या नव्या ७०० मेगावॅटच्या भट्ट्यांत पंपाशिवाय, पाण्याच्या आपोआप फिरण्यानं ही उरलेली उष्णता काढायची सोय केली आहे, म्हणजे आमच्या वरच्या टाकीचीच मोठी बहीण. जैतापूरसाठी ठरलेल्या फ्रेंच ईपीआर भट्टीत सुरक्षेच्या चार स्वतंत्र यंत्रणा आणि तळाला वितळलेलं इंधन झेलायची जागा असते. हे सगळं चांगलं आहे, मग लोकांना सांगत का नाही? तुमचं म्हणणं "सुरक्षित आहे, विश्वास ठेवा". विश्वास ठेवायला आम्ही काय लहान पोरं आहोत? टाकी कुठं आहे ते दाखवा, किती तास पुरते ते सांगा, कोण शिडी चढतो ते सांगा. संपलं.

आता सोळा किलोमीटर. नकाशा काढा. जैतापूरवर पट्टीचं एक टोक ठेवा आणि सरळ पूर्वेला ओढा. कोल्हापूर लागतं. जवळजवळ एकाच अक्षांशावर आहोत, सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. आणि जून ते सप्टेंबर वारा कुठनं कुठं वाहतो हे गगनबावड्याच्या शाळेतल्या पोराला विचारा, समुद्राकडनं घाटाकडं. वारा आला की पाऊस, आणि पाऊस काय करतो, हवेतलं सगळं धुऊन खाली आणतो. फुकुशिमात इताते नावाचं गाव आहे, केंद्रापासून तीस-चाळीस किलोमीटरवर, सुरुवातीच्या वीस किलोमीटरच्या पट्ट्याच्या बाहेर. वारा तिकडं फिरला, वरनं पाऊस आणि बर्फ पडलं, आणि शेवटी ते गाव पण खाली करावं लागलं. मी असं म्हणत नाही की जैतापूरला हेच होणार. होण्याची शक्यता कमी आहे, खूप कमी आहे, मला मान्य आहे. पण आमच्या घाटमाथ्यावर जे पडतं ते कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतनं पंचगंगेत येतं आणि तिथनं आमच्या नळाला. शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी राधानगरीला धरण बांधायला घेतलं ते हाच पाऊस अडवायला. आणि तुम्ही म्हणता प्रश्नच येत नाही?

दुधाचं तर कुणी बोलतच नाही. अपघातात जे उडतं त्यात आयोडीन-१३१ असतं, आठ दिवसांत निम्मं होतं म्हणजे महिना-दोन महिन्यांत संपतं, पण तेवढ्यात ते गवतावर पडतं, गवत म्हैस खाते, म्हशीचं दूध पोरं पितात आणि ते जाऊन बसतं गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत. चेर्नोबिलनंतर १९८६ ला दूध वेळेत थांबवलं नाही आणि पुढं बेलारूस, युक्रेनमध्ये हजारो मुलांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. त्याच्याही आधी, १९५७ ला, इंग्लंडात विंडस्केलला आग लागली तेव्हा त्यांनी आसपासच्या पाचशे चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून टाकलं. म्हणजे कसं करायचं हे सत्तर वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. कोल्हापूर जिल्ह्याचं दूध मुंबई-पुण्याची पोरं पितात. अशा वेळी कट्ट्यावरचं दूध थांबवायचा फोन कोण करणार, कुणाला करणार, शेतकऱ्याला त्या दिवसाचे पैसे कोण देणार? माझ्या शेजारच्या काकूंच्या दोन म्हशी आहेत, त्यांनी मला हे विचारलं, मी तुम्हाला विचारतो.

आणि अजून एक, हे बैठकीत कुणाच्याच लक्षात आलं नाही. समजा राजापुरातनं लोकांना बाहेर काढायची वेळ आली. ते कुठं जाणार? समुद्रात तर जाणार नाहीत. मुंबई-गोवा हायवेची अवस्था तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ते वर येणार, अणुस्कुऱ्यानं, नाहीतर गगनबावड्यानं, फोंड्यानं, आंब्यानं. म्हणजे कोल्हापुरातच येणार! माझा मामा तर शंभर टक्के माझ्या घरी येणार, मामी, दोन पोरं आणि कुत्र्यासकट. आणि जुलैत घाटात दरड कोसळली की हे रस्ते किती दिवस बंद असतात ते दरवर्षी पेपरात येतं. सोळा किलोमीटरच्या आतले लोक सोळा किलोमीटरच्या बाहेर जिथं जाणार ते गाव म्हणजे आम्ही. आम्ही तयारी नाही करायची तर कुणी करायची?

भूकंपाचं थोडक्यात. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, दीडशेच्या वर माणसं गेली, आजी सांगायची की कोल्हापुरात पण फळीवरची भांडी खाली आली आणि माणसं थंडीत रस्त्यावर बसून राहिली. त्या जागी एवढा मोठा भूकंप होईल असं तेव्हा कुणी धरलं नव्हतं. कोयनेपासून जैतापूर पण शंभरेक किलोमीटरच. तुम्ही अभ्यास केला असणार, तो मराठीत, माणसाला कळेल असा छापा, एवढंच.

आता पैसे. इथं मला जरा जास्त बोलायचंय.

जैतापूरसाठी जी ईपीआर भट्टी ठरली तिचा इतिहास आम्ही पण वाचतो. फिनलंडात ओल्किलुओटोला काम २००५ ला सुरू झालं, २००९ ला संपणार होतं, व्यवस्थित वीज २०२३ ला आली. खुद्द फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला २००७ ला काम सुरू, ग्रीडला जोडली २०२४ च्या डिसेंबरात, खर्च ३३० कोटी युरोवरनं १,३०० कोटी युरोच्या पुढं. चीनमध्ये मात्र तैशानला दोन ईपीआर त्यामानानं लवकर उभ्या राहिल्या, हे पण सांगायला पाहिजे. घरचं उदाहरण घ्यायचं तर कल्पाक्कमची ५०० मेगावॅटची फास्ट ब्रीडर, म्हणजे जाळते त्यापेक्षा जास्त इंधन तयार करणारी भट्टी, थोरियमच्या वाटेवरचा आपला महत्त्वाचा टप्पा, काम २००४ ला सुरू आणि भट्टीचा गाभा भरायला सुरुवात २०२४ च्या मार्चमध्ये. वीस वर्षं! या वीस वर्षांत मी तीन फर्नेस बदलल्या. आणि इकडं एप्रिल २०२५ ला राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीनं रशियाच्या रोसॅटम या अणुकंपनीबरोबर थोरियमवरच्या छोट्या भट्टीचा सामंजस्य करार पण केला. चांगलंय, पण कधी, कुठं, कुठल्या नदीच्या पाण्यावर?

उशीर म्हणजे व्याज आणि व्याज म्हणजे युनिटचा दर. अणुभट्टीत इंधन स्वस्त असतं, महाग असतं ते बांधकाम, हे तुमच्याच साहेबांनी सांगितलं. तारापूरच्या जुन्या भट्ट्या स्वस्त वीज देतात कारण त्यांचं कर्ज कधीच फिटलं. मग जैतापूरची वीज किती रुपयांनी पडणार? डिसेंबर २०१० ला करार झाला तेव्हापासून विचारतायत लोक, अजून सरळ आकडा नाही. मी माझ्या गिऱ्हाइकाला म्हणालो की कास्टिंगचा रेट डिलिव्हरीनंतर सांगतो, तर तो मला गेटच्या आत घेईल काय? आधीच आमच्यातले लोक दर वाढला की कर्नाटकात जायच्या गोष्टी करतात, निपाणी काय लांब आहे?

आणि गिऱ्हाइकावरनं आठवलं, जबाबदारीचं. अणुअपघाताच्या भरपाईच्या २०१० च्या कायद्यात एक कलम होतं, खराब यंत्र दिलं म्हणून अपघात झाला तर भट्टी चालवणाऱ्याला यंत्र पुरवणाऱ्याकडून पैसे वसूल करता यायचे. भोपाळमुळं आलं होतं ते. १९८४ ला हजारो माणसं मेली आणि १९८९ ला ४७ कोटी डॉलरवर मिटवलं, ते विसरायचं नाही म्हणून. डिसेंबर २०२५ मध्ये तुम्ही शांती नावाचा नवा कायदा केला, १९६२ चा अणुऊर्जेचा आणि २०१० चा हा, दोन्ही कायदे गेले, खाजगी कंपन्यांना दार उघडलं, ठीक आहे, कदाचित गरजच होती. अणुसुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या नियामक मंडळाला कायद्याचा आधार मिळाला हे तर उत्तमच झालं. पण पुरवठादाराचं ते कलम काढलं, आता करारात लिहिलं असेल किंवा मुद्दाम केलं असेल तरच वसुली. आणि अपघात झाला तर मोठ्यातली मोठी भट्टी चालवणाऱ्याची जबाबदारी ३,००० कोटींपर्यंत, अगदी छोटीची १०० कोटी. फुकुशिमाची भरपाई आपल्या रुपयांत काही लाख कोटींच्या घरात गेली.

मी पुरवठादार आहे साहेब. माझ्या एका कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक, निघालं तर कंपनी दुसऱ्या दिवशी डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याची चिठ्ठी, पाठवते. त्यांची लाईन थांबली तर थांबलेल्या लाईनचे पैसे माझ्याकडनं घेते. मी कधी म्हणालो नाही की मला जबाबदारीतनं मोकळं करा नाहीतर मी माल देत नाही. म्हणालो असतो तर त्यांनी हसून चहा पाजून घरी पाठवलं असतं. मग ब्रेक ड्रमच्या कास्टिंगला जो नियम आहे तो अणुभट्टीच्या भांड्याला का नाही? परदेशी कंपन्या नाहीतर येणार नाहीत हे उत्तर मला माहीत आहे. ते खरं पण असेल. पण मग असं लोकांसमोर येऊन सांगा ना, की बाबांनो आम्ही ही अट सोडली आणि ह्याच्या बदल्यात हे मिळवलं. संसदेत आठवडाभरात पास करून मोकळं व्हायचं आणि आम्हाला पेपरातनं कळायचं, हे बरोबर नाही.

मामाचं राहिलंच. माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे, वरिलवाडा, ९३८ हेक्टर जागा गेली. मामाची गेली नाही, तो बाहेर आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये तिथं आंदोलनात गोळीबार झाला, एक माणूस गेला. पुढं २०१३ ला मोबदला वाढवला, काहींनी घेतला, काहींनी बरीच वर्षं घेतला नाही. आणि मग काय? काहीच नाही. कंपाऊंड आहे, आत गवत आहे. मामा म्हणतो, "प्रकल्प झाला असता तरी एक वेळ चाललं असतं रे, नाही झाला तरी चाललं असतं, पण हे पंधरा वर्षं येणार येणार चाललंय त्यात पोरगं घर बांधायचं की नाही ते ठरवत नाही." तो विरोधात होता, मोर्चाला पण गेला होता, आता त्याला विरोध करायला पण समोर काही दिसत नाही. तारापूरला तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवली, त्या लोकांची पुनर्वसनाची भांडणं वीज सुरू झाल्यावर पण कोर्टात चालू राहिली. राजापुरातले लोक हे बघून बसलेत. त्यांना खुळं समजू नका.

तर मागण्या, साध्या भाषेत.

एक, कोल्हापुरात जाहीर सभा घ्या. तज्ज्ञ पाठवा, मराठीत बोलणारे, स्लाइड कमी आणि उत्तरं जास्त. विरोध करणाऱ्यांना पण त्याच स्टेजवर बसवा.

दोन, जैतापूरचं हो की नाही ते तारीख घालून सांगा. हो असेल तर युनिटचा अंदाजे दर करारावर सही व्हायच्या आधी जाहीर करा. नाही असेल तर जमिनीचं काय ते सांगा.

तीन, घाटमाथ्यावर, निदान गगनबावडा, राधानगरी आणि शाहूवाडीत, किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं आत्तापासून बसवा आणि त्यांचे आकडे लोकांना दिसतील असे लावा. पाण्याचं आणि दुधाचं आत्ताचं मोजमाप करून ठेवा. भट्टी नसतानाचा आकडा आत्ताच माहीत नसेल तर नंतर वाढला की नाही हे कोण ठरवणार?

चार, सोळा किलोमीटरच्या नियमाला हात लावू नका हवं तर, पण पावसाळ्यातल्या वाऱ्यासाठी आणि घाटातनं येणाऱ्या माणसांसाठी कोल्हापूरचा वेगळा आराखडा करा. थायरॉइड वाचवायच्या आयोडीनच्या गोळ्या कुठं ठेवणार, दूध कोण थांबवणार, माणसं कुठं उतरवणार.

पाच, पुरवठादाराच्या जबाबदारीची अट इथून पुढच्या प्रत्येक करारात लिहून घ्या. नव्या कायद्यात करारात लिहायची मुभा आहे, ती वापरा, आणि तेवढं पान तरी उघडं ठेवा.

सहा, हा जरा आमचा स्वार्थ आहे. तुम्ही २२० मेगावॅटच्या भारत स्मॉल रिअॅक्टर मोठ्या उद्योगांना स्वतःच्या वापरासाठी द्यायचं म्हणताय. मोठ्या स्टील कंपन्या घेतील. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या शंभर-दोनशे लहान फाउंड्र्यांनी मिळून वाटा घ्यायचा म्हटला तर घेता येईल काय, त्याचा नियम करा. आणि या भट्ट्यांना लागणाऱ्या पंप-व्हॉल्व्हच्या ओतकामात आम्हाला शिरकाव द्या. शेजारच्या किर्लोस्करवाडीचे पंप अणुकेंद्रांपर्यंत पोचलेत, आमच्या पोरांना पण जमेल. तपासणी कितीही कडक करा आणि डेबिट नोट खुशाल पाठवा.

हे पत्र मी रजिस्टर पोस्टानं पण पाठवतोय. याआधी एका कार्यालयाला असंच पत्र दिलं होतं, त्याची पोच मिळाली, पुढं काही नाही, म्हणून या वेळी उघडं. सभा ठेवायची असेल तर जूनच्या आत ठेवा, नंतर तुमच्या माणसांना घाटातनं येता यायचं नाही.

आपला,
शिरोलीतला एक भट्टीवाला